जुना कॉम्प्युटर टक-टक करतो, अडकतो? आधी फोटो-कागद काढून घ्या, दुरुस्ती नंतर

चिमूर : तालुक्यात अजूनही बऱ्याच घरी जुने कॉम्प्युटर आहेत. कोणी पोरांच्या एमएस-सीआयटीसाठी घेतलेला, कोणी सेकंडहँड आणलेला. आता सगळी कामं मोबाइलवर होतात, म्हणून तो कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेला असतो. पण डिजिटल कॅमेऱ्याच्या काळातले लग्नाचे फोटो, गेलेल्या आईवडिलांचे फोटो, बचत गटाचा हिशेब, जुन्या खरेदीखताचं स्कॅन हे सगळं त्याच डब्यात पडून असतं. चिमूर तर १९४२ च्या लढ्याचं गाव. कोणाच्या घरी आजोबांचं सन्मानपत्र वाळवीनं खाल्लं असेल आणि त्याचं स्कॅन तेवढं कॉम्प्युटरमध्ये उरलं असेल.

हे सगळं ज्या भागात साठवलेलं असतं, ती हार्ड डिस्क. हार्ड डिस्क बाजारात नवी मिळते, आतला माल मात्र नवा मिळत नाही. म्हणून डिस्क बिघडायला लागली की पहिलं काम दुरुस्तीचं नाही, माल बाहेर काढायचं आहे.

डिस्क बिघडते कशी?

जुन्या हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत गोल तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे फिरतात. तबकडीला न टेकता, अगदी जवळून एक बारीक हेड फिरतं आणि लिहिलेलं वाचतं. हेड आणि तबकडी यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही कमी असतं. त्यामुळे धक्का बसला, धूळ आत गेली किंवा मोटर थकली की हेड तबकडीला घासू शकतं. घासलं की तिथला माल कायमचा जातो, आणि त्यातून निघालेला चुरा बाकीची तबकडीही खराब करतो.

आपल्याकडे त्यात भर पडते ती वारंवार लाइन जाण्याची, कमी-जास्त व्होल्टेजची आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या मे महिन्याच्या उन्हाची. मळणीच्या दिवसांतली धूळ पंख्यात बसते आणि डबा आतून तापतो.

ही लक्षणं दिसली की सावध व्हा

- साधी फाइल उघडायलाही खूप वेळ लागतो, मधेच सगळं गोठतं आणि डब्यावरचा लाल दिवा सारखा पेटलेला राहतो.
- फोटो अर्धा दिसतो, खालचा भाग करडा होतो.
- फोल्डरची नावं विचित्र अक्षरांत दिसतात किंवा फाइल गायब होतात.
- सुरू करताना काळ्या पडद्यावर 'स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस' असा इंग्रजी मेसेज येतो. डिस्क स्वतःच सांगते आहे की माल काढा आणि मला बदला. एफ१ दाबून रोज पुढे जाऊ नका.
- डब्यातून टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येतो. हे सगळ्यात वाईट लक्षण. लगेच बंद करा आणि पुन्हा सुरू करून पाहू नका.

दोष दुसरा तर नाही ना?

प्रत्येक वेळी डिस्कच खराब असते असं नाही. घड्याळ सारखं जुन्या तारखेवर जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ नावाचा बटन सेल संपला असेल. तो संपला की सेटिंग पुसली जाते आणि 'डिस्क सापडत नाही' असा मेसेजही येऊ शकतो. सेल स्वस्त असतो, आधी तो बदलून पाहा. कधी वायर ढिली झालेली असते, कधी उंदरानं कुरतडलेली असते. प्लग काढून, डबा उघडून वायर नीट बसवली तरी काम होतं. एवढ्यानं दुकानाचा फेरा वाचतो.

कॉम्प्युटर सुरू होत असेल आणि आवाज नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावधान, लाल म्हणजे खराब. खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी पाहा. तिथले आकडे शून्याच्या वर असून वाढत असतील तर डिस्कवर भरवसा ठेवू नका. सगळं निळं असलं तरी निर्धास्त राहू नका, कारण काही डिस्क इशारा न देताच जातात.

सी आणि डी या दोन डिस्क नव्हेत

गावात हा गैरसमज फार आहे. फोटो 'सी'मधून 'डी'मध्ये टाकले म्हणजे बॅकअप झाला असं वाटतं. पण बहुतेक घरगुती कॉम्प्युटरमध्ये डिस्क एकच असते. सी, डी, ई हे तिचे कप्पे. एकाच शेताला धुरे घालून तीन बांध्या पाडल्या, तरी पूर आला की तिन्ही बुडतात. बॅकअप म्हणजे माल डब्याच्या बाहेर, दुसऱ्या वस्तूवर असला पाहिजे.

आधी काय काढायचं?

बिघडलेली डिस्क किती वेळ चालेल याचा नेम नसतो. म्हणून क्रम ठरवून बसा.

१. जे पुन्हा कुठेच मिळणार नाही ते पहिलं : घरचे फोटो, आवाजाच्या रेकॉर्डिंग, जुन्या कागदांचे स्कॅन, हिशेब, टॅलीचा डेटा.

२. त्यानंतर मोठ्या फाइल : लग्नाचे, कार्यक्रमाचे व्हिडिओ.

३. जे परत मिळतं ते शेवटी : सातबारा आणि आठ-अ महाभूमी पोर्टलवर डिजिटल सहीसह मिळतात, आधार पुन्हा डाउनलोड होतं, बऱ्याच वर्षांच्या दहावी-बारावीच्या मार्कशीट डिजिलॉकरमध्ये मिळतात.

४. सिनेमे, गाणी, गेम आणि विंडोज सोडून द्या.

बऱ्याच जणांचा माल 'डेस्कटॉप' आणि 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये असतो. हे दोन्ही सी ड्राइव्हमध्येच येतात, हे विसरू नका. मराठी टायपिंग कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलं असेल तर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं 'फॉन्ट्स' फोल्डरही सोबत घ्या. फॉन्ट नसला तर पत्रिका, अर्ज, ठराव उघडतील, पण वाचता येणार नाहीत.

कॉपी करताना

पेन ड्राइव्ह किंवा यूएसबी हार्ड डिस्क लावा. पेन ड्राइव्ह 'फॅट३२' पद्धतीची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात बसत नाही. मोठ्या व्हिडिओसाठी ती रिकामी असतानाच 'एनटीएफएस' पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या. फॉरमॅट करताना आपण पेन ड्राइव्हच निवडली आहे ना, हे दोनदा पाहा.

'कट' करू नका, 'कॉपी'च करा. पूर्ण ड्राइव्ह एकदम न ओढता एकेक फोल्डर घ्या. एखादी फाइल अडली तर 'स्किप' दाबून पुढे जा, तिच्यावरच जोर लावत बसू नका. धडधाकट डिस्कवरून जुन्या यूएसबीनं १०० जीबी न्यायला तास-दीड तास लागतो, बिघडलेली याहून जास्त वेळ घेते. सकाळी ऊन चढायच्या आत काम करा, डब्याचं झाकण काढून पंखा लावा. यूपीएस नसेल तर लाइन टिकते त्या वेळी बसा.

कॉपी झाली की पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा ओटीजीनं मोबाइलवर लावून दहा-वीस फोटो उघडून पाहा. नाव दिसलं म्हणजे फोटो आला असं नाही.

विंडोज सुरूच होत नसेल तर

विंडोज खराब झालं म्हणजे माल गेला असं नाही. डिस्कचा आवाज ठीक असेल तर दोन वाटा आहेत. एक, जाणकाराकडून लिनक्सची पेन ड्राइव्ह बनवून घ्या आणि तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू करा. डिस्कला हात न लावता फाइल दिसतात आणि कॉपी होतात. दोन, डिस्क काढून यूएसबी कन्व्हर्टरनं दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, तो असलेलाच कन्व्हर्टर घ्या. खूप जुन्या डिस्कला चपटी रुंद पट्टीची वायर असते, तिला 'आयडीई' म्हणतात. तिचा कन्व्हर्टर वेगळा येतो.

लावल्यावर 'डिस्क फॉरमॅट करायची का' किंवा 'इनिशियलाइझ करायची का' असं विचारलं तर 'कॅन्सल' दाबा. इथे 'येस' दाबलं की सोपं काम अवघड होतं.

हे करू नका

- माल काढण्याआधी 'चेक डिस्क' चालवू नका. ते पूर्ण डिस्क पिंजून काढतं आणि फाइलच्या नोंदी बदलतं. थकलेल्या डिस्कला तो भार झेपत नाही.
- माल निघाल्याशिवाय नवं विंडोज टाकू नका.
- डिस्क ठोकू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढली की आत दव धरतं.
- डिस्कचं झाकण उघडू नका. घरातल्या हवेतली धूळही तिला पुरते.

दुकानात नेताना

डब्यावर कागद चिकटवा : 'आतला डेटा पाहिजे. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.' तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरलं जातं. डिस्क बदलली तरी जुनी डिस्क परत मागा. त्यात आधार, पासबुकचे फोटो असतात. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी हे जास्त जपावं, कारण त्यांच्या डिस्कमध्ये अख्ख्या गावाचे कागद असतात.

टक-टक करणारी डिस्क गावातल्या दुरुस्तीत वाचत नाही. त्यासाठी धूळमुक्त खोली असलेली डेटा रिकव्हरीची जागा लागते, आणि खर्च हजारांत जातो. आधी तपासणीची फी आणि माल न निघाल्यास पैसे द्यावे लागतील का, हे लेखी विचारा. तेवढा खर्च आज शक्य नसेल तर डिस्क कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. न चालवता ठेवलेल्या डिस्कमधून पुढे माल निघायची आशा असते, रोज सुरू करून पाहिलेल्या डिस्कमधून ती उरत नाही.

पुढची सोय

माल बाहेर आल्यावर जुन्या डब्यात एसएसडी बसवता येते, मात्र साटा जोडणी हवी. त्यात फिरणारं काही नसतं, म्हणून धक्का सोसते आणि कॉम्प्युटरही वेगानं चालतो. पण एसएसडीही खराब होते, आणि आवाज न करता होते. म्हणून तिच्यावरही एकच प्रत ठेवून चालत नाही. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा कॉम्प्युटरवर बँकेची कामं टाळा किंवा लिनक्स टाकून घ्या.

महत्त्वाच्या मालाच्या तीन प्रती ठेवा : एक कॉम्प्युटरमध्ये, एक पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी, भावाकडे नाही तर मुलीच्या सासरी. गुगलवर १५ जीबीपर्यंत फुकट जागा मिळते, निवडक फोटो तिथेही टाकता येतात. दिवाळीला घर झाडताना वर्षातून एकदा या प्रती उघडून पाहा. आणि जूनमध्ये विजा कडाडायला लागल्या की कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून काढून ठेवा, नुसतं बटन बंद करून भागत नाही.