वस्त्रगाळ हवा

मोटारीच्या इतिहासावरचे जे लेखन माझ्या वाचनात आले, त्यात इंजिन आहे, वेग आहे, कारखानदार आणि त्यांची भांडणे आहेत. हवा मात्र क्वचितच भेटते. एक लिटर पेट्रोल नीट जळायला जवळजवळ ११ किलो हवा लागते, म्हणजे सुमारे ९ हजार लिटर. पुण्याहून कोल्हापूरला जाताना एखादी गाडी १५ लिटर पेट्रोल खात असेल, तर तेवढ्या वाटेत ती सव्वा लाख लिटरांहून अधिक हवा ओढते. त्या हवेबरोबर रस्त्याची धूळही येते. ती अडवण्यासाठी बॉनेटखाली एका डब्यात घडीचा कागद बसवलेला असतो. तो म्हणजे एअर फिल्टर.

मी अभियंता नाही. पदवी वाणिज्य शाखेची. जुनी मॅन्युअले, पेटंटे आणि शर्यतींचे अहवाल वाचणे हा गेल्या वीसेक वर्षांचा नाद. टर्बोचार्जरच्या छोट्या पेट्रोल गाड्या आपल्याकडे वाढल्या, तसे ‘हा कागद काढा, हा सुती फिल्टर लावा, गाडी मोकळा श्वास घेईल’ हे वाक्य गॅरेजांत वारंवार कानावर पडू लागले. ते कितपत खरे, हे मी इतिहासात शोधले. फिल्टर हा जास्त हवा आणि स्वच्छ हवा यांच्यातला तह असतो, आणि प्रत्येक तह विशिष्ट जागेसाठी झालेला असतो, असे त्या शोधातून दिसते.

सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना फिल्टर नव्हताच. गरज आधी शेतात भासली. नांगरटीच्या धुळीत ट्रॅक्टरची इंजिने भराभर झिजत. धूळ सिलिंडरमधल्या तेलात मिसळली की पॉलिश पेपरचे काम करते. अमेरिकेत मिनेसोटातील सेंट पॉल येथे फ्रँक डोनाल्डसन यांनी १९१५ मध्ये ट्रॅक्टरसाठी हवा गाळणारे साधन बनवून धंदा सुरू केला, तो याच त्रासातून.

दुसरीकडे जास्त हवेचा शोध चालू होता. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युशी यांनी १९०५ मध्ये टर्बोचार्जरच्या कल्पनेचे पेटंट घेतले. कल्पना सोपी आहे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जो धूर वाया जायचा, तोच आता हवा भरणारा गडी होतो. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी जातीचे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन वरच्या विरळ हवेत २३० वर आले. टर्बो जोडल्यावर ३५६ मिळाली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असे आपण म्हणतो. इथे आडातले पाणी कमी झाले, तरी पोहरा भराभर ओढून घागर भरता आली.

पण पोहरा भराभर ओढला की गाळही वर येतो. याची मोठी परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. मार्च १९४२ मध्ये ‘ईगल’ या विमानवाहू नौकेवरून १५ स्पिटफायर विमाने वेढ्यात सापडलेल्या माल्टा बेटावर उतरली. त्यांच्या मर्लिन इंजिनात सुपरचार्जर होता. तो धुराऐवजी इंजिनाच्याच दातेरी चक्रांवर चाले, पण हवा दाबून भरण्याचे काम तेच. भूमध्य समुद्राकाठच्या धुळीपासून इंजिन वाचवायचे म्हणून विमानाच्या नाकाखाली व्होक्स नावाचा मोठा फिल्टर बसवला होता. विमानाला दुहेरी हनुवटी आल्यासारखी दिसे. त्या फुगवट्याने वेग घटला, चढणही मंदावली. समोर मेसरश्मिट असताना या घटीचा हिशेब वैमानिकाच्या जिवाशी होता. आणि फिल्टर काढावा, तर बदली इंजिने तुटपुंजी; धावपट्टीवरची धूळ खाऊन बंद पडलेले विमान लढाईला पोचतच नाही.

यावर इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर येथील दुरुस्ती केंद्राने तोड काढली. तिथल्या कारागिरांनी आकाराने लहान, सुटसुटीत फिल्टर घडवला. तो अबुकीर फिल्टर म्हणूनच ओळखला जातो. पुढच्या स्पिटफायरमध्ये वैमानिकाच्या हाताशी एक दांडी आली. जमिनीवर इंजिन चालवताना, उड्डाण करताना, उतरताना आणि धुळीच्या हवेत फिल्टर चालू ठेवायचा. वर स्वच्छ आकाशात तो वगळून हवा थेट घ्यायची, अशी वैमानिकांसाठीच्या पुस्तिकेत सूचना असे. मला ही दांडी फार बोलकी वाटते. एकच हवा सगळीकडे नसते, हे तिच्या रूपाने यंत्रात बसवले गेले.

दहा वर्षांनी, १९५२ मध्ये, हाच धडा अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० या शर्यतीत नव्याने मिळाला. कमिन्स कंपनीने टर्बो बसवलेली डिझेल गाडी उतरवली. ६.६ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन जवळजवळ आडवे निजवलेले होते, त्यामुळे गाडी बुटकी झाली. चालक फ्रेड अगबाशियान यांनी पात्रता फेरीत ताशी सुमारे २२२ किलोमीटरचा वेग नोंदवून सर्वांत पुढची जागा पटकावली. ट्रकच्या इंजिनाने पेट्रोलवाल्यांना मागे टाकले होते. पण टर्बोला हवा देणारे तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला, जमिनीलगत होते. पुढच्या गाड्यांच्या टायरांचे झिजलेले रबर त्यात शिरत राहिले, वाट तुंबली, आणि २०० पैकी ७१ फेऱ्या झाल्यावर गाडी बाहेर पडली. इंजिन हरले नाही, त्याचा श्वास कोंडला. याच कंपनीशी भागीदारी करून १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली, म्हणून या कथेचे एक टोक कोथरूडपर्यंत येते.

सुती फिल्टरचा जन्मही समजून घेतला पाहिजे. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड यांचे मोटारसायकलींचे दुकान होते. त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘के अँड एन’. १९६० च्या दशकात तिथे तेल लावलेल्या सुती कापडाचे फिल्टर तयार होऊ लागले. आपल्याकडे औषधाचे चूर्ण वस्त्रगाळ करतात, तशी ही वस्त्रगाळ हवा. कापडाच्या पदरात जे सुटेल, ते तेल धरून ठेवते. वाळवंटातल्या शर्यतींत हा फिल्टर सोयीचा होता. धुवायचा, वाळवायचा, तेल द्यायचे, पुन्हा लावायचा. त्या जागेपुरता तो तह उत्तम होता.

आता आजच्या टर्बो गाडीचा हिशेब मांडू. बाहेरच्या हवेचा दाब १०० धरा. समजा कागदी फिल्टरमुळे त्यातला २ खर्ची पडतो आणि मोकळ्या फिल्टरमुळे १. टर्बो नसलेल्या इंजिनात हा एकाचा फरक फार तर एक टक्का ताकदीचा. टर्बो गाडीत मात्र इंजिनाला किती दाब द्यायचा, हे संगणकाने आधीच ठरवलेले असते. तो १८० असेल, तर टर्बोला एकदा ९८ चे १८० करायचे, एकदा ९९ चे. चक्र किंचित कमी फिरेल, पण इंजिनाला मिळतील ते १८०च. याउलट डबा काढून उघडा फिल्टर इंजिनाशेजारी बसवला आणि ३० अंशांऐवजी ५० अंशांची हवा आत गेली, तर ती सहा टक्क्यांनी विरळ असते. इंटरकूलर त्यातले काही भरून काढतो. पण एक मिळवायला सहा पणाला लावल्यासारखे ते होते. अ‍ॅव्हरेजचेही तसेच. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तुंबलेले फिल्टर लावून चाचण्या केल्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचे अ‍ॅव्हरेज फारसे हलले नाही. पिकअप मात्र घटला.

आणि धूळ? एक फिल्टर ९९ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७, असे ऐकले की फरक दोनाचा वाटतो. आत जाणारी धूळ मोजा: १०० ग्रॅममागे एकीकडे १ ग्रॅम, दुसरीकडे ३. तिप्पट. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांवर ती आधी आदळते, मग सिलिंडरकडे जाते.

हवेची वाट खरोखर अरुंद असेल, तिथे गोष्ट वेगळी. जागतिक रॅली शर्यतीत १९९५ मध्ये टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटरचे बंधन होते. टोयोटाच्या संघाने त्या कड्याच्या बाजूने जादा हवा आत घेणारी छुपी रचना केली होती. तपासणीसाठी नळी सोडली की ती आपोआप मिटे. स्पेनमधील कॅटालोनियाच्या रॅलीत ती पकडली गेली आणि संघावर वर्षभराची बंदी आली. टर्बोला मर्यादेपर्यंत ताणले, की तोंडाशी मिळणाऱ्या थोड्या जादा हवेलाही एवढे मोल येते. शर्यतीसाठी दाब वाढवलेल्या गाडीतही तसेच. कारखान्यातून आली तशी चालवलेली गाडी त्या मर्यादेपासून दूर असते.

फिल्टर विकणाऱ्याला म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत: हा किती धूळ अडवतो, आणि हवा गाडीच्या बाहेरची घेतो की इंजिनाशेजारची? या दोन्ही मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत. खोक्यावर त्यांची उत्तरे नसतील, तर डब्यातला कागद वेळेवर बदलावा. उसाच्या ट्रॅक्टरमागून कच्च्या रस्त्याने चाललेल्या गाडीला आकाशातली स्वच्छ हवा मिळणार नसते. तिच्यासाठी स्पिटफायरची दांडी कायम फिल्टरच्या बाजूलाच असलेली बरी.