गाडीच्या पोटाला कुठला रंग?

या शनिवारचा विषय जरा खालच्या पातळीवरचा आहे. शब्दशः! गाडीच्या पोटाचा.

आमच्या घरी १९७९ची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. आरसी बुकात काहीही लिहिलेलं असो, घरात तिचं नाव 'फियाट'च. गेलं वर्षभर ती एका गॅरेजमध्ये सगळी उघडून ठेवली आहे. इंजिन झालं, सीटा झाल्या, वरचा रंग मूळचाच द्यायचा यावर घरात चक्क एकमत झालं. गाडं अडलंय ते खालच्या बाजूवर. बाबा म्हणतात, "काळं जाड कोटिंग मारायला सांग आणि विषय संपव." माझं मत वेगळं आहे. आता इंजिनियर माणूस वाद घालण्याआधी वाचायला बसतो. मीही बसलो, आणि हाती लागला तो शंभर वर्षांचा इतिहास.

मुळात सुरुवातीच्या गाड्यांना हा प्रश्न फारसा छळतच नव्हता. खाली शिडीसारखी जाड पोलादी चासी, आणि तिच्यावर बैलगाडीच्या साटीसारखी ठेवलेली बॉडी. जमिनीला बऱ्याचदा लाकडी फळ्या. चासीला काळं इनॅमल फासलं की झालं. गंज चढायचा, पण लोखंड इतकं जाड की तो आत पोचेपर्यंत मालक म्हातारा व्हायचा. फळी कुजली तर सुतार बदलून द्यायचा. गाडीचं वजन पेलणारा भाग वेगळा आणि पाय ठेवायचा भाग वेगळा, असा सरळ हिशोब होता.

हा हिशोब मोडला इटलीत. १९२२ साली व्हिन्चेन्झो लान्चाच्या कंपनीनं लॅम्ब्डा नावाची गाडी आणली. तिला वेगळी चासीच नव्हती, बॉडीच सगळा भार घ्यायची. गाडी हलकी झाली, बुटकी झाली, वळणावर घट्ट बसू लागली. १९३४मध्ये सित्रोएननं 'ट्रॅक्शन अव्हाँ'मध्ये हीच कल्पना दाबलेल्या पोलादी पत्र्यात, मोठ्या संख्येनं उतरवली. फियाटनं १९५०च्या '१४००' मॉडेलमध्ये ही पद्धत घेतली आणि मग १९५३ला जिनिव्हाच्या प्रदर्शनात ११००/१०३ मांडली. दान्ते जाकोसा हे तिचे मुख्य अभियंते.

ही ११०० म्हणजे आमच्या फियाटची सख्खी आजी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात तिची पुढची पिढी १९६४पासून '११०० डिलाइट' म्हणून बनवली. १९७२ला ती 'प्रेसिडेंट' झाली, १९७४ला 'पद्मिनी'. नावं बदलली, हेडलाइट आणि जाळी बदलली, पण खालचा सांगाडा तोच राहिला. २०००च्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत! आमच्या भाषेत सांगायचं तर यूआय बदललं, कर्नल तोच.

इथे मुद्दा लक्षात घ्या. चासी गेली म्हणजे गाडीखालचा पत्रा हाच तिचा कणा झाला. आणि हा पत्रा जाडीला एक मिलिमीटरच्या आसपास. शिवाय कडकपणा यावा म्हणून ठिकठिकाणी दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेले, दरवाजांखाली पोकळ पेट्या केलेल्या. म्हणजे पाणी शिरायला भरपूर जागा, आणि आत काय चाललंय ते दिसायला एकही नाही.

गंज नेमका कसा धरतो, हे केंब्रिजच्या युलिक इव्हान्सनं १९२०च्या दशकात छान उलगडून दाखवलं. साधा प्रयोग होता. लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब. आपल्याला वाटेल की जिथे हवा जास्त, तिथे लोखंड जास्त झिजणार. होतं उलटंच! थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर, मध्ये कमी. आणि लोखंड झिजतं ते मध्ये, ऑक्सिजनची टंचाई असते तिथे. थेंब म्हणजे एक छोटी बॅटरीच. मध्य हा ॲनोड, कड हा कॅथोड.

आता थेंबाच्या जागी काळं जाड कोटिंग ठेवून बघा. डांबराचा थर नवा असतो तेव्हा मस्त काम करतो. दगड उडाले तरी पत्र्याला टवका जात नाही, आवाज दबतो. पातळ पत्र्याच्या गाड्यांमध्ये त्याचा प्रसार झाला तो याच दोन कारणांनी, आणि ती खरीच आहेत. पण वर्षांनी तो कडक होतो, तडकतो, कडेनं सुटतो. त्या फटीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. आत ओल आहे, मीठ आहे, ऑक्सिजन कमी आहे. इव्हान्सचा थेंब तिथे वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. वरून मात्र सगळं काळं, गुळगुळीत, झकास.

मुंबईत रस्त्यावर कोणी मीठ टाकत नाही, युरोप-अमेरिकेत बर्फ वितळवायला टाकतात तसं. त्याची गरजही नाही. समुद्राची हवा ते काम फुकटात करते. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग एकदम वाढतो, आणि आपल्या पावसाळ्यात ती महिनोन्‌महिने त्याच्या कितीतरी वर असते.

यावर उपाय शोधणारे लोक होतेच. बर्मिंगहॅमच्या थॉमस कॉस्लेटनं १९०६मध्ये फॉस्फोरिक आम्लाच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. पत्र्यावर फॉस्फेटचा पातळ थर आला की रंग त्याला घट्ट धरून बसतो. १९५९ला डेट्रॉइटमध्ये कर्ट झीबार्ट नावाच्या मेकॅनिकच्या पद्धतीवर एक धंदाच उभा राहिला. त्यानं ओळखलं की खरा शत्रू बाहेरच्या बाजूला नसून पोकळ पेट्यांच्या आत आहे. म्हणून भोकं पाडून आत मेणासारखं द्रव्य फवारायचं. फोर्डमध्ये जॉर्ज ब्रूअर यांच्या गटानं १९५७पासून आणखी वेगळ्या वाटेनं काम केलं: अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवायची आणि विजेच्या जोरावर रंग कानाकोपऱ्यात ओढून न्यायचा. १९६३ला ते प्रत्यक्ष कारखान्यात आलं. आज जवळपास प्रत्येक नवी कार अशाच टाकीतून बाहेर पडते. पोर्शेनं १९७०च्या दशकाच्या मध्यात जस्ताचा मुलामा दिलेल्या बॉडीवर सहा वर्षांची हमी दिली, आणि १९८६ला ऑडी ८०नं पूर्ण जस्तलेपित बॉडी आणली.

आणि लान्चाचं काय झालं? चासी काढून टाकणारी ही कंपनी १९६९ला फियाटच्या ताब्यात गेली. १९७२ला तिनं बीटा नावाची गाडी काढली. इंग्लंडच्या पावसात आणि मिठात तिच्या पुढच्या भागाचा, इंजिन पेलणारा सांगाडा इतका सडला, की १९८०मध्ये कंपनीला तिथल्या कित्येक गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. नाव गेलं ते गेलंच. १९९४ला लान्चानं इंग्लंडच्या बाजारातून गाशा गुंडाळला. ज्या कल्पनेनं नाव झालं, तिच्या पोटाकडे दुर्लक्ष केल्यानं ते गेलं.

हे सगळं वाचून माझ्या लक्षात एक गोष्ट आली. खालच्या बाजूचा इतिहास हा नुसता रंगांचा इतिहास नाही. गंजाकडे लक्ष कोणी ठेवायचं, याचा तो इतिहास आहे. चासीच्या जमान्यात ते काम मालकाचं. मग मधली वीस-तीस वर्षं कोणाचंच नाही. पुढे टाकी आणि जस्त आलं, तेव्हा ते काम कारखान्यानं हमी देऊन स्वतःकडे घेतलं. आमची फियाट नेमकी त्या मधल्या बेवारस काळातली.

बेवारस, पण आमच्याकडे पूर्ण नाही. कारण बाबा. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी ते गाडी जॅकवर घ्यायचे आणि खालून जळकं ऑइल फवारायचे. आई नाक मुरडायची, सोसायटीचा वॉचमन शिव्या द्यायचा. या वर्षी जुना थर खरवडला तेव्हा दिसलं, की जिथे ऑइल मुरलं होतं, ते पत्र्यांचे जोड आजही शाबूत आहेत. आणि जिथे मध्ये कधीतरी कोणीतरी काळं कोटिंग मारून दिलं होतं, तिथे स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला. एका ठिकाणी कोटिंगखाली राखाडी प्रायमर आणि त्यावर बॉडीच्या रंगाचा उडालेला फवाराही मिळाला. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ज्या कोणाच्या हातात ती स्प्रे गन होती, त्याचा तो हात. मला तो पुसायचा नाही.

ही नुसती भावनेची गोष्ट नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी, की ती मूळ स्वरूपात असली पाहिजे, चासी किंवा बॉडी शेलमध्ये मोठे फेरफार नकोत. आमची पन्नाशी २०२९मध्ये. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१२ला स्वीकारलेली 'तुरिनची सनद'ही हेच सांगते: मूळ आहे ते जपा, आणि करायचंच तर असं करा की पुढे उलटवता येईल. तुरिन, म्हणजे फियाटचं गाव! ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता ज्या उरल्यात, त्यांचा पत्रा हाच दस्तऐवज आहे.

तर माझा प्रस्ताव असा. सडलेला पत्रा कापून तेवढ्याच मापाचं ठिगळ. उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमर. जोडांवर सीलर. त्यावर बॉडीच्याच रंगाचा, चकाकी नसलेला पातळ हात. शाबूत जुना प्रायमर आहे तसा, वर पारदर्शक मेण. पोकळ पेट्यांच्या आतही मेण. ते ऑइलसारखंच फटीत शिरतं, पण रबरी बुश फुगवत नाही आणि हाताला घाण लावत नाही. थोडक्यात, बाबांचीच पद्धत, फक्त स्वच्छ. काळं कोटिंग फक्त चाकांवरच्या कमानींत, जिथे दगड खरोखर लागतात, तेही प्रायमरवर.

हलक्या रंगाच्या पोटावर गंजाचा पहिला ठिपका लगेच दिसतो. काळ्यावर दिसतो तो थेट भोक पडल्यावर. रात्री तीनला प्रॉडक्शन सर्व्हर पडल्यावर लॉग बंद असल्याचं कळलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मेणाला हो म्हणाले. कमानींनाही हो. मग एकच प्रश्न विचारला, "पातळ रंग म्हणजे दरवर्षी खाली झोपून बघायला हवं. मी बासष्टचा झालो. तू हिंजवडीला. कोण झोपणार?"

इतिहासात याचं उत्तर कुठे मिळालं नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवसांची रजा टाकली आहे. पुढच्या वर्षीचीही, पण ती अजून मॅनेजरला सांगितलेली नाही.