रूळ, रस्ता आणि सांडपाणी

2016 सालच्या एप्रिल महिन्यात मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी 12 तारखेच्या पहाटे लातूरला पोहोचली, तो प्रसंग वाचकांच्या स्मरणात असेलच. पहिल्या खेपेस दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर कृष्णेचे पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली आणि एका खेपेस पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. या वाघिणी एरवी तेल वाहणाऱ्या जातीच्या. त्या राजस्थानातील कोटा येथील कारखान्यात वाफेने धुऊन काढाव्या लागल्या होत्या. तत्पूर्वी मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी करू नये म्हणून लातुरात जमावबंदीचा हुकूम निघाला होता. ऑगस्टपर्यंत या गाडीने शंभराहून अधिक खेपा केल्या.

त्या दिवसांत गाडीची चर्चा पुष्कळ झाली. गाडी ज्या मार्गाने आली त्याची मात्र कोणी फारशी केली नाही. मिरज, पंढरपूर, कुर्डूवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर हा मार्ग म्हणजे जुनी बार्शी लाइट रेल्वे होय. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याच्या कल्पनेतून निघालेली ही अडीच फुटी रुळांची गाडी 1897 साली कुर्डूवाडी ते बार्शी धावू लागली, 1911 मध्ये निजामाच्या मुलखातील लातूरला पोहोचली आणि 1927 मध्ये तिचे दुसरे टोक मिरजेला भिडले. स्वातंत्र्यानंतर 1954 साली सरकारने ती विकत घेतली. लातूर ते कुर्डूवाडी हा पट्टा 2008 पर्यंत रुंद झाला, मिरज ते पंढरपूर 2011 पर्यंत. हे काम आणखी पाच-सहा वर्षे रेंगाळले असते तर 2016 च्या उन्हाळ्यात जलदूत या मार्गाने लातूरला येऊच शकला नसता. व्यापाऱ्यांच्या धान्यासाठी घातलेल्या रुळांनी शंभर वर्षांनी शहराची तहान भागविली. मात्र हे रूळ लातूरच्या नगरपालिकेने घातले नव्हते, त्यांवर तिचा कधी अधिकारही नव्हता. आम्ही जी कथा सांगू पाहतो तिचे मर्म येथेच आहे.

रस्त्यावरील वाहतुकीचीही तीच गोष्ट. हैदराबाद संस्थानाने 1930 साली आपली रेल्वे कंपनीकडून ताब्यात घेतली आणि दोन वर्षांनी, 1932 च्या जून महिन्यात, त्याच रेल्वेच्या एका खात्यामार्फत 27 बसगाड्या रस्त्यावर आणल्या. खात्यात तेव्हा 166 माणसे होती. प्रवासी वाहतूक सरकारने स्वतः चालविण्याचा हा हिंदुस्थानातील अगदी आरंभीचा प्रयोग होता. रेल्वे आणि बस एकाच छत्राखाली असल्यामुळे दोघींनी एकमेकींचे प्रवासी पळवू नयेत हा त्यातला हेतू होता, आणि तो शहाणपणाचा होता असे आम्हांस वाटते. त्या गाड्यांच्या क्रमांकात झेड हे अक्षर निजामाने आपल्या मातेच्या, जहरा बेगमच्या, नावावरून घेतले असे सांगतात. खरे-खोटे आम्ही पडताळलेले नाही, परंतु गोष्ट गोड आहे. 1951 मध्ये हे खाते रेल्वेपासून सुटून हैदराबाद राज्य सरकारकडे आले. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि येथील बससेवा ‘स्टेट ट्रान्सपोर्ट मराठवाडा’ म्हणून काही वर्षे चालली. अखेर 1961 साली ती महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. आज आपण जिला लाल परी म्हणतो तिच्या मराठवाड्यातील मुळाशी निजामाची ती जुनी बस आहे.

म्हणजे पाहा, मालक बदलत गेले: लंडनची कंपनी, निजाम, हैदराबाद राज्य, मुंबई राज्य, महामंडळ. परंतु नांदेडची वा लातूरची नगरपालिका या यादीत कोठेच नाही. गावातल्या गावात बाजाराला, दवाखान्याला जाणाऱ्याची सोय ही पुष्कळ काळ टांगेवाल्याची आणि मग रिक्षावाल्याची बाब राहिली.

महानगरपालिका आल्यावर तरी चित्र पालटले का? नांदेड-वाघाळा महानगरपालिका 1997 मध्ये स्थापन झाली, लातूरची 2011 मध्ये. ज्या कायद्याखाली त्या चालतात तो मूळचा 1949 सालचा. त्यात नाल्या व मलनिःसारण ही पालिकेची आवश्यक कर्तव्ये आहेत. बस चालविणे हे मात्र ऐच्छिक. पुढे 74 वी घटनादुरुस्ती झाली, 1993 मध्ये अमलात आली, आणि तिच्या बाराव्या अनुसूचीत शहरांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांची यादी देण्यात आली. त्या यादीत बसथांबे आहेत, बस नाही! थांबा बांधून द्यावा, गाडी येईल तेव्हा येईल. ही यादी करणाऱ्यांनी विनोद म्हणून हे केले नसावे, पण आमच्यासारख्या थांब्यावर तिष्ठणाऱ्यांना हसू आल्यावाचून राहत नाही.

सांडपाण्याचे नेमके उलट आहे. तेथे कर्तव्य आवश्यक आहे, परंतु दृष्टीआड. बस वेळेवर आली नाही तर दहा माणसे बोलतात; मैलापाणी नदीत मिसळले तर खालच्या गावाखेरीज कोणी बोलत नाही. हिशेब सोपा आहे. भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी द्यावे असा अभियंत्यांचा मानदंड असून त्यातले सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरतात. 2011 च्या जनगणनेत नांदेडची वस्ती साडेपाच लाखांच्या घरात होती. म्हणजे मानदंडाप्रमाणे रोज सुमारे सहा कोटी लिटर सांडपाणी. शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचा जलाशय, तेथून पाणी घ्यावयाचे. खालच्या अंगाला घाट, तेथे नाले येऊन मिळावयाचे. लातूरचे दुःख आणखी वेगळे. मांजरा धरण कोरडे पडले की नळ कोरडा, आणि नळ कोरडा पडला की भुयारी गटारही निरुपयोगी; कारण मैला वाहून न्यायलाही पाणीच लागते.

नांदेडला एक मोठी संधी आली होती. 1708 साली गुरू गोविंदसिंगजींनी येथे देह ठेवला आणि गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपविले. त्याची त्रिशताब्दी 2008 मध्ये साजरी व्हावयाची होती. 2005 च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक या मातब्बर शहरांच्या पंगतीला नांदेड बसले. रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, मलवाहिन्यांचीही कामे निघाली. पण जे बांधले ते चालविणे हे निराळेच काम. शुद्धीकरण केंद्राचे पंप विजेवर चालतात, वीज देयकावर चालते आणि देयक घरपट्टीवर. त्रिशताब्दी एकदा येते, विजेचे देयक दरमहा.

यावर देखरेख कोणी करावयाची? कायद्यातच एक उत्तम तरतूद आहे: आयुक्ताने दरवर्षी 31 जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणस्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा. परंतु 2022 मध्ये दोन्ही सभागृहांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. अहवाल देणारा आणि घेणारा एकच! आमच्या धर्मग्रामातील किती कुटुंबांनी हा अहवाल कधी मागून पाहिला असेल? आम्हीही कित्येक वर्षे पाहिला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

आणि जेथे यंत्र नाही, तेथे माणूस उतरतो. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा कायदा 1993 मध्ये झाला, 2013 मध्ये अधिक कडक झाला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख झाली. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ माणसे अजून उतरत होती.

लातूरच्या खोऱ्यातून येणारी मांजरा आणि नांदेडहून बाभळीच्या बंधाऱ्यावरून उतरणारी गोदावरी तेलंगणाच्या सीमेवर कंदकुर्ती येथे एकमेकींस भेटतात. दोन शहरांनी सोडून दिलेले सारे तेथे एका प्रवाहात येते. पुढे थोड्याच अंतरावर बासरचा घाट लागतो. मराठवाड्यातून गेलेले भाविक तेथे पायऱ्या उतरतात, ओंजळ भरतात आणि डोळे मिटून ती ओठांशी नेतात.