आल्कांतारिया इंपेरियालिस

आल्कांतारिया इंपेरियालिस ही अननस कुलातील (ब्रोमेलिएसी) एक भव्य, बहुवर्षायू शोभिवंत वनस्पती आहे. ती मूळची आग्नेय ब्राझीलमधील असून रिओ दि जानेरो राज्यातील सेरा दोस ओर्गाओस पर्वतराजीत ग्रॅनाइटच्या उघड्या कड्यांवर वाढते. १८८८ मध्ये कारिएर यांनी तिचे वर्णन व्रीसिया प्रजातीत केले होते. पुढे तिचा समावेश आल्कांतारिया प्रजातीत झाला. हे प्रजातिनाम ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रो (पेद्रो दि आल्कांतारा) यांच्यावरून पडले आहे.

वर्णन

पाने रुंद, चिवट व मेणचट असून त्यांच्या गुच्छाचा व्यास सुमारे १.५ मी. भरतो. पानांचे तळ एकमेकांत घट्ट बसल्याने मध्यभागी पेल्यासारखी पोकळी तयार होते. तीत पावसाचे पाणी व पालापाचोळा साठतो आणि अनेक लहान जीवांना आसरा मिळतो. पाणी व पोषक द्रव्ये पानांवरील सूक्ष्म शल्कांमार्फत शोषली जातात. मुळे मुख्यतः खडकाला धरून ठेवण्याचे काम करतात.

रोपाला फुलोरा येण्यास अनेक वर्षे, कित्येकदा दहाहून अधिक, लागतात. तांबूस छदांचा हा शाखित फुलोरा सुमारे ३ मी. उंच होतो. फुले पिवळसर पांढरी असतात. बोंडांतील केसाळ बिया वाऱ्याने पसरतात. प्रत्येक गुच्छ आयुष्यात एकदाच फुलतो व नंतर हळूहळू वाळतो.

लागवड

रोपास भरपूर उजेड व हवा खेळती ठेवणारे, निचऱ्याचे भरड माध्यम लागते. चिकण मातीत मुळे कुजतात. पाणी मुळांबरोबरच मधल्या पोकळीतही घालतात. डासांची पैदास टाळण्यासाठी हे पाणी दर आठवड्यास बदलणे आवश्यक असते. तांबेयुक्त बुरशीनाशके या कुलातील वनस्पतींना अपायकारक ठरतात. अभिवृद्धी बियांपासून किंवा बुंध्याशी येणाऱ्या फुटव्यांपासून करतात.

महत्त्व व संरक्षण

ब्राझीलचे उद्यानरचनाकार रोबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी या वनस्पतीचा आपल्या उद्यानांत वापर केल्याने तिला प्रसिद्धी मिळाली. मात्र मागणी वाढल्यावर कड्यांवरील रोपे उपटून विकली जाऊ लागली. वाढ मंद आणि फुलोरा एकदाच येत असल्याने, फुलण्यापूर्वी काढलेल्या रोपाचे बी निसर्गात कधीच पडत नाही. त्यामुळे रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलीच रोपे घेणे या जातीच्या रक्षणासाठी महत्त्वाचे आहे.