बागलाणचे इंजिन आणि घरचा पाना

मोटारीच्या इंजिनाचा ऑइल पंप हा सहसा डोळ्यांना न दिसणारा भाग. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधले तेल जाळीतून ओढायचे आणि क्रँकच्या बेअरिंगपर्यंत दाबाने पोचवायचे, एवढेच त्याचे काम. पण ते थांबले तर चालते इंजिन काही मिनिटांत पकडते. हा पंप घरच्या अंगणात काढून बदलावा, असे आज सटाण्यातल्या गाडीमालकाच्या मनातही येणार नाही. शेतावरचे इंजिन मालकानेच उघडायचे, हा मात्र याच भागातल्या मागच्या पिढ्यांचा रिवाज होता. मधल्या काळात काय बदलले, असे विचारले की एक उत्तर ठरलेले असते: नव्या पोरांना हात काळे करायला नकोत. मला ते पटत नाही. घरची दुरुस्ती संपली ती माणसे बदलली म्हणून नव्हे. यंत्राची घडण बदलली आणि ते यंत्र शिकवणारी शाळा बंद पडली म्हणून. सटाणा ज्याचे मुख्य गाव, त्या बागलाण तालुक्याचा इतिहास याला चांगला पुरावा देतो.

या तालुक्यात यंत्र आले ते रस्त्याने नव्हे, पाण्याच्या वाटेने. आरम आणि मोसमच्या काठी बंधारे घालून फड पद्धतीने, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून, शेती भिजवण्याची रीत जुनी आहे. १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्येही बागलाणच्या बंधाऱ्यांचे वर्णन येते. पाटाचा गाळ काढणे, फुटलेला बांध सांधणे ही कामे पाणी वापरणाऱ्यांचीच होती आणि वाटपावर गावानेच नेमलेल्या पाटकऱ्याची नजर असे. फडाबाहेरच्या जमिनीला विहीर आणि मोट. त्या मोटेच्या जागी पुढे ऑइल इंजिन आले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली, १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्राच्या विहिरी डिझेलच्या आवाजाने भरल्या. विहीर गावाबाहेर, मिस्त्री तालुक्याच्या गावी, आणि पीक पाण्यावर आलेले. अशा वेळी पाना हातात घेणे ही हौस नव्हती. पाळी चुकली तर पीक जात होते.

पण नुसत्या गरजेने कोणी मिस्त्री होत नाही. यंत्रानेही हात आत जाऊ द्यावा लागतो. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचे सहा अश्वशक्तीचे, मिनिटाला ६५० फेरे घेणारे इंजिन पाहा. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी याच धाटणीची इंजिने बनवून देशभर पोचवली. त्याच्या कुशीला मोठे झाकण असते. ते काढले की क्रँक आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग समोर दिसते. इंजिन जागेवरून हलवावे लागत नाही. रॉडच्या टोकाची पळी प्रत्येक फेऱ्याला तेलात बुडते आणि शिंतोडे उडवते. तेल कुठून कुठे जाते, हे शेतकऱ्याला पुस्तकात नव्हे, त्या झाकणाच्या भोकातून कळले. वंगणाचे पहिले शिक्षण असे विहिरीच्या काठावर झाले.

मोटारीही सुरुवातीला अशाच मोकळ्या होत्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. तिच्या पेट्रोल इंजिनाचा ऑइल पंप ब्लॉकच्या बाहेरच्या अंगाला, तीन बोल्टांवर बसवलेला असतो. चेंबर न उतरवता तो हाती येतो. अडचण एकच: त्याच्याच दांड्यातून डिस्ट्रिब्युटर फिरतो, म्हणून पंप बसवताना एक दात इकडचा तिकडे झाला तरी टायमिंग बिघडते. सावध माणूस आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून रोटरच्या टोकाची जागा खुणेने पक्की करतो. नवा पंप कोरडा बसवायचा नाही, तेलाने भरून बसवायचा, कारण कोरडे दात तेल ओढू शकत नाहीत. मग प्लगला ठिणगी न देता इंजिन फिरवायचे आणि काटा दाब दाखवेपर्यंत सुरू करायचे नाही. एवढे नियम पाळले की काम घरी होते. ॲम्बॅसेडर आणि फियाटमध्ये चेंबर उतरवावे लागे, पण जॅक, ठोकळे आणि धीर असला तर तेही जमण्यासारखे होते.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पंपाची जागा बदलली. तो क्रँकच्या पुढच्या टोकावर, टायमिंग बेल्टच्या मागे गेला. त्याच्यापर्यंत पोचायचे तर पुढची पुली, बेल्ट, क्रँकवरची बेल्टची पुली, चेंबर आणि जाळी असे सारे उतरवावे लागते आणि परत लावताना बेल्टची खूण जुळवावी लागते. यात कारखान्याचा कोणताही कुटिल हेतू नव्हता. क्रँकनेच थेट फिरवलेल्या पंपाला वेगळा दांडा लागत नाही आणि इंजिन आटोपशीर होते. पण परिणाम झालाच: तीन बोल्टांचे काम दिवसभराचे झाले. त्याच सुमारास मळ्यातली शाळाही मोडत गेली. वीज आली, डिझेल इंजिनाच्या जागी मोटर बसली आणि जळालेली मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊ लागली. पुढे सबमर्सिबल पंप आला आणि यंत्र बोअरच्या तळाशी गेले. जे दिसतच नाही, ते मुलाला बापाकडून शिकायला कसे मिळणार?

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला असा, की घरच्या दुरुस्तीने इंजिने वाचली तशी बिघडलीही. चुकीचे पॅकिंग, अंदाजाने आवळलेले बोल्ट, बेअरिंगवर राहिलेली धूळ. हे खरे आहे, पण तो दोष माहिती नसण्याचा. पंपाचे दात आणि कवच यांमधली फट किती चालते, बोल्ट किती ताकदीने आवळायचा, हे मराठीत छापून हाती दिले असते तर अंदाजाची गरजच नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आजचे पंप क्वचितच बिघडतात, मग घरी बदलण्याचे ज्ञान कशाला? पंप टिकतो हे मान्य. पण जुन्या तेलाच्या गाळाने जाळी तुंबते, तेलाची पातळी उतरते आणि तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागूनही गाडी रेटली जाते. कांदा भरून बाजार समितीकडे निघालेल्या पिकअपचे इंजिन वाचवायचे, तर दिवा लागताच ते बंद करण्याची समज चालवणाऱ्याला हवी. इंजिन आतून पाहिलेल्या माणसाला ती सांगावी लागत नाही.

म्हणून प्रश्न प्रत्येकाने अंगणात इंजिन उतरवण्याचा नाही. मालकाला आपले यंत्र समजून घेण्याचा हक्क आहे की नाही, हा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मोटार दुरुस्तीच्या माहितीसाठी कायदा केला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखायला समिती नेमली. शेतीची अवजारे आणि मोटारी या दोन्ही गोष्टी तिच्या कक्षेत घेतल्या. बागलाणच्या शेतकऱ्याचे आयुष्य याच दोन यंत्रांवर चालते. त्याला दुरुस्तीची पुस्तिका मराठीत, खरे सुटे भाग वाजवी दरात आणि तालुक्याच्या गावी शिकण्याची सोय मिळाली, तर पंप कुठेही दडलेला असो, घरचा पाना पुन्हा कामाला येईल. पाटाचा गाळ ज्याने काढायचा, पाण्यावर हक्कही त्याचाच, हा हिशोब या तालुक्याने फार पूर्वी मांडला आहे. यंत्राची निगा मालकाकडे सोपवायची असेल, तर ते उघडण्याची माहितीही त्याच्या हाती दिली पाहिजे.