किल्ट: मिरवायचा की वापरायचा?

किल्ट म्हटलं की मला बॅगपाइपवालेच आठवायचे. त्यामुळे रोज किल्ट घालून हिंडणारे लोक नाटकी वाटायचे. इतिहास वाचला आणि गंमत कळली.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात १६व्या शतकाच्या शेवटी किल्ट म्हणजे लांबलचक लोकरी कापड होतं. दिवसा पट्ट्याने कमरेला बांधायचं, प्रवासात रात्री तेच पांघरायचं. १७४५च्या बंडानंतर, १७४६ साली, ब्रिटिश संसदेने त्यावर बंदीचा कायदा केला. पहिल्यांदा सापडलात तर ६ महिने कैद! सूट फक्त फौजेला. १७८२ साली बंदी उठली, तोवर लोकांची सवयच मोडली होती. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरात किल्ट घालून मिरवला आणि कामाचा कपडा समारंभाचा झाला.

म्हणजे पाठीवर सॅक टाकून किल्टमध्ये भटकणारेच खरे जुन्या वळणाचे. नाटकी वाटायला हवा होता तो राजा!