कॅसेट देशील का?

नव्वदच्या दशकात रत्नागिरीत गणपतीला चाकरमानी आले, की पोरांचं लक्ष त्यांच्या बॅगांकडे असे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणीतरी हमखास व्हिडिओ गेमची कॅसेट आणलेली असे. कार्ट्रिज हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. गाण्यांची असते तशी ही गेमची कॅसेट. विसर्जन होईपर्यंत ती एका घरात राही, मग शेजारी जाई, तिथून वर्गातल्या कुणाकडे. कुणी बदल्यात दुसरी कॅसेट देई, कुणी वर दहा-वीस रुपये टाकी. चालेनाशी झाली तर फुंकर मारायची आणि पुन्हा लावायची.

ज्या यंत्रावर ती चाले, त्याचा मूळपुरुष जपानी. निन्टेन्डोनं १९८३ साली ‘फॅमिकॉम’ बाजारात आणला. त्याच्या घडणीची स्वस्त यंत्रं पुढे भारतात निरनिराळ्या नावांनी विकली गेली. ‘लिटिल मास्टर’ हे त्यांतलं एक. कॅसेटी बहुतेक नकली असत. पण नकली असो वा अस्सल, एक कॅसेट दहा घरं फिरे आणि ज्याच्या घरी नवी घेण्याची ऐपत नव्हती तोही खेळे.

आता यातली गंमत बघा. त्याच काळात भारतात वापरलेला गेम विकणं कागदोपत्री गुन्ह्याच्या जवळ गेलं होतं. कॉपीराइट कायद्यातली १९९४ची दुरुस्ती १० मे १९९५पासून लागू झाली. संगणक प्रोग्रॅमची प्रत विकण्याचा किंवा भाड्यानं देण्याचा हक्क तिनं कॉपीराइटच्या मालकाला दिला. तोही, ती प्रत आधी विकली गेलेली असली तरी! गेम म्हणजे प्रोग्रॅमच. म्हणजे पुस्तक वाचून रद्दीत विकता येई, पण पैसे मोजून घेतलेली अस्सल कॅसेट पुढे विकायला कंपनीची परवानगी हवी. १९९९ साली कायदा पुन्हा बदलला आणि १५ जानेवारी २००० पासून ‘आधी विकली असली तरी’ हा भाग प्रोग्रॅमपुरता गेला. जवळजवळ पाच वर्षं ही बंदी होती आणि पोरांना तिचा पत्ताही नव्हता. कॅसेट कुणाच्या दप्तरातून कुणाच्या दप्तरात गेली, हे पाहायला कायद्याला डोळे नव्हते.

जपानात मात्र हे भांडण उघडपणे कोर्टात गेलं. कॅपकॉम, कोनामी अशा कंपन्यांनी जुने गेम विकणाऱ्या दुकानांवर दावे लावले. गेम हा सिनेमासारखा आहे, त्याचं वितरण आमच्याच हातात राहिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. २५ एप्रिल २००२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: एकदा प्रत विकलीत की त्या प्रतीवरचा तुमचा वितरणाचा हक्क संपला. दुकानं जिंकली.

कायद्यानं जमेना, तेव्हा काम यंत्रावर सोपवायचं ठरलं. मायक्रोसॉफ्टनं ६ जून २०१३ रोजी येऊ घातलेल्या ‘एक्सबॉक्स वन’चे नियम जाहीर केले. यंत्रानं २४ तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची. नाही लावली तर गेम बंद. डिस्क मित्राला द्यायची तर तो तुमच्या यादीत किमान ३० दिवस असला पाहिजे, आणि एक गेम एकदाच देता येणार. जुना गेम विकायचा तर ठरावीक दुकानांत, तोही प्रकाशकाची हरकत नसेल तर. बदल्यात सोयीही होत्या: डिस्क न घालता खेळता येणार, घरातल्या दहा जणांत गेम वाटून घेता येणार.

तारीख पुन्हा पाहा. ६ जून, म्हणजे आपल्याकडे मृगाच्या तोंडावर. पहिल्या वादळी पावसात लाईट गेली की परत कधी येईल याचा नेम नाही, आणि हे यंत्र रोज हजेरी मागणार! अर्थात आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्या टप्प्यातल्या देशांच्या यादीत भारताचं नावच नव्हतं.

चारच दिवसांनी, १० जूनला लॉस एंजेलिसमध्ये सोनीनं जाहीर केलं, की प्लेस्टेशन ४वर जुन्या गेमना कोणतंही बंधन नाही. सोबत एक छोटासा व्हिडिओ काढला: गेम दुसऱ्याला कसा द्यायचा? एक माणूस डिस्क पुढे करतो, दुसरा घेतो. संपलं. किंमतही एक्सबॉक्सच्या ४९९ डॉलरसमोर ३९९. १९ जूनला मायक्रोसॉफ्टनं नियम मागे घेतले. तरी त्या पिढीत सोनीनं दुपटीहून जास्त यंत्रं विकली, हे मायक्रोसॉफ्टनंच पुढे ब्राझीलच्या नियामकाला दिलेल्या कागदांत मान्य केलं. त्यात स्वस्ताईचा वाटा होताच. पण स्पर्धा होती म्हणूनच गिऱ्हाइकाला ‘नको’ म्हणायला दुसरं दुकान होतं. भारतात जानेवारी २०१४मध्ये प्लेस्टेशन ४ आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात एक्सबॉक्स वन, दोन्ही ३९,९९० रुपयांना. नवी डिस्क तीन-चार हजारांची. इतक्या किमतीत जुन्या डिस्कचा बाजार नसता, तर आपल्यापैकी कितीजण खेळले असते?

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण नोव्हेंबर २०२०मध्ये दोन्ही कंपन्यांनी डिस्क घालायची जागाच नसलेली यंत्रं आणली. ती स्वस्त होती, सुटसुटीत होती. बंदी कुणी जाहीर केली नाही, त्यामुळे निषेधही फारसा झाला नाही. डिस्कच नाही तर विकणार काय? २०१३ साली लोकांनी जे भांडून वाचवलं, ते सात वर्षांत सोयीच्या वाटेनं निघून गेलं, आणि या वेळी दुसरं दुकानही त्याच वाटेवर होतं.

तुमच्या हातातल्या फोनवर तर हे पहिल्यापासूनच असं आहे. विकत घेतलेला गेम तुमच्या खात्याला चिकटलेला. तो कायमचा दुसऱ्याला देऊन टाकायचा तर अख्खं खातंच द्यावं लागतं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून कायदा आहे, की नुसता वापरण्याचा परवाना देत असाल तर ‘विकत घ्या’ म्हणण्याआधी तसं स्पष्ट सांगा. हक्क त्यानं परत मिळत नाही, निदान शब्द तरी खरा होतो.

त्या नकली कॅसेटींचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. गेम बनवणाऱ्याला त्यातून छदामही मिळत नसे. पण एक सवय त्यांनी लावली होती: खेळून झालं की पुढच्याला द्यायचं. पुढच्या गणपतीत एखादं पोर तुमच्या फोनकडे बघून विचारेल, ‘झाला की मला देशील?’ तेव्हा पैसे भरूनही आपल्याकडे द्यायला काही नाही, हे त्याला कसं सांगायचं ते आतापासून ठरवून ठेवा.